डॉक्टर ऑस्कुलचा लाल बाण

माझ्या घराच्या मागच्या खोलीत खलनायक राहतात. चांगल्यांना तिथं जागा नाही. शिंगवाले, कवटीच्या तोंडाचे, एका डोळ्याचे, पाठीला वटवाघळाचे पंख असलेले, सगळे जुन्या कार्टूनमधल्या दुष्टांचे प्लास्टिकचे बाहुले. कुणी बोटाएवढे, कुणी वीतभर. माझी बहीण म्हणते, ‘इर्मा, चर्चमध्ये जाणारी बाई तू, आणि घरात ही भुतावळ!’

याला कारण माझा मुलगा कर्टिस. तो पाच-सहा वर्षांचा असताना शनिवारी सकाळी आम्ही दोघं ‘तारकादुर्गाचे रक्षक’ बघायचो, आणि मग स्वयंपाकघरातल्या लाद्यांवर बसून तेच खेळायचो. शूर सेनापती नेहमी त्याचा. खलनायक माझ्या वाट्याला. मी आवाज काढून हसायचे, धमक्या द्यायचे आणि शेवटी हरायचे. मुलगा मोठा झाला, नवरा गेला, काचेच्या कारखान्यातली अठ्ठावीस वर्षांची नोकरी संपली. मग एका रविवारी जुन्या सामानाच्या बाजारात मला शिंगं तुटलेला एक ओळखीचा चेहरा दिसला आणि मी त्याला घरी घेऊन आले. तिथून हे सुरू झालं. टोलेडोत आमच्या हंगेरियन वस्तीत बायका क्रोशाचे रुमाल जमवतात, मी हे जमवते.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझी नात विनी त्या खोलीत शिरली आणि एका शिंगवाल्याचं डोकं तोंडात घालून चोखत बसलेली सापडली. तेव्हा ती अडीच वर्षांची होती. शॉना, माझी सून, आवाज चढवणाऱ्यातली नाही. तिनं ते काढून घेतलं, धुतलं आणि माझ्या हातात दिलं.

‘‘इर्मा, या जुन्या रंगात काय काय असतं ते मला माहीत नाही. पण ही खोली बंद राहणार असेल तरच विनी इथं राहील. मला तुमचा शब्द हवाय.’’

मी शब्द दिला. किल्ली दाराच्या चौकटीवर उंच खिळ्याला अडकवली. वर्षभर तो शब्द पाळलाही.

मग ऑक्टोबरमध्ये मला ‘तारकादुर्गा’तला खलनायक डॉक्टर ऑस्कुल मिळाला.

मॉमी नावाच्या जवळच्या गावात एका चर्चच्या तळघरात सेल होता. बुटांच्या खोक्यात गोट्या, मोडक्या मोटारी आणि त्यांच्या खाली तो, हिरवा डगला, पांढरा मुखवटा, आणि डाव्या खांद्यावर छोटी तोफ. तोफेत लाल प्लास्टिकचा बाण. मी खटका दाबून पाहिला. बाण सुटकन उडाला आणि खोक्याच्या कडेवर आपटला. मला घामच फुटला.

कारण ऑस्कुलचा बाण उडत नाही. तो चिकटवलेला असतो. पहिल्या काही महिन्यांत जे बाहुले विकले गेले त्यांचेच तेवढे उडायचे. मग कुठल्याशा गावात एका चार वर्षांच्या मुलाच्या घशात बाण गेला आणि तो मुलगा वाचला नाही. कंपनीनं सगळा माल परत मागवला आणि पुढच्या प्रत्येक बाहुल्याचा बाण डिंकानं पक्का करून टाकला. ती कंपनीही पुढे बुडाली. उडणारा बाण म्हणून तर आम्हा जमवणाऱ्यांमध्ये त्याला एवढी किंमत. हे सगळं मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझ्या ओळखीत असा ऑस्कुल फक्त एकाकडे होता, डिफायन्स गावच्या ड्वेन प्रुइटकडे. ड्वेनचं केस कापायचं दुकान आहे. त्याचा ऑस्कुल तर पुठ्ठ्यावर, प्लास्टिकच्या आवरणात, कधीच न उघडलेला. दोन वर्षांपूर्वी कॅलामझूच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात त्यानं तो काचेच्या पेटीत ठेवला होता. मी जवळून पाहिला आणि चार माणसांच्या देखत बोलून गेले, ‘‘ड्वेन, याची कड पुन्हा चिकटवलेली वाटतेय मला.’’ म्हणजे आवरण आधी कधीतरी उघडलं होतं, असा आरोपच. त्याचे कान लाल झाले. ‘‘म्हातारे, तुझा चष्मा बदल,’’ एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

ऑस्कुल मिळाला त्याच्या पुढच्या शनिवारी शॉना फोर्ट वेनहून विनीला घेऊन सकाळीच आली. तिच्या मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं. ‘‘दीडला परत येते. झोपली तर झोपू द्या तिला.’’

मी किफ्ली करायला घेतली होती. आक्रोडाचं सारण भरलेल्या या चंद्रकोरी विनीला फार आवडतात. पहिला घाणा ओव्हनमध्ये घातला. विनी टेबलाखाली बसून भांड्यांच्या झाकणांशी खेळत होती. आणि माझ्या डोक्यात एक फोटो वळवळायला लागला.

आम्हा जमवणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे. ड्वेन त्यात आहे. मला तिथं ऑस्कुलचा फोटो टाकायचा होता, बाण उडताना, खिडकीतल्या उजेडात. ड्वेननं तो बघावा एवढीच इच्छा. मी किल्ली काढली, दार उघडलं, ऑस्कुलला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. पाच-सहा फोटो काढले, एक चांगला आला, तो पाठवला. बाण परत तोफेत बसवला. तेवढ्यात ओव्हनची घंटा वाजली.

मी दार ओढून घेतलं असं मला आठवतं. कुलूप लावलं नाही हे नक्की आठवतं.

घाणा बाहेर काढला. एक किफ्ली निवत ठेवली, तिचा तुकडा विनीला दिला. दुसरा घाणा आत सरकवताना मी वाकले होते तेव्हा ठसका ऐकू आला. तो आवाज स्वयंपाकघरातून आला नव्हता.

मी धावले. विनी मागच्या खोलीच्या दारात उभी होती. तोंड लालभडक, डोळ्यांतून पाणी, आणि श्वास असा की बाहेर जातोय पण आत येत नाहीये. मी तिला हातावर पालथी घातली आणि पाठीवर थापट्या मारल्या. एक, दोन, तीन. चौथ्यापाशी ती जोरात खोकली, लाळ आली, किफ्लीचा भिजका चुरा आला, आणि ती रडायला लागली. रडणं ऐकून मी देवाचे आभार मानले. रडतंय म्हणजे श्वास आहे.

‘‘काय खाल्लंस, सोन्या?’’

‘‘किफ्ली.’’

‘‘आणि काय?’’

‘‘किफ्ली,’’ ती म्हणाली आणि माझ्या मानेला मिठी मारली.

पाच मिनिटांत ती खेळायला लागली. अधूनमधून थोडी खोकत होती. मी दाराला कुलूप घातलं, आत नजर न टाकता. का नाही टाकली, हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय. मला वाटतं, मला बघायचंच नव्हतं.

दीडला शॉना आली. मी म्हटलं, ‘‘मघाशी किफ्लीचा ठसका लागला होता तिला. आता बरी आहे.’’

शॉनानं तिच्या गालाला हात लावला. ‘‘घाईघाईत खाल्लंस ना गं?’’ विनी हसली. दोघी गाडीत बसल्या. विनीनं काचेतून हात हलवला.

गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी मागच्या खोलीत गेले.

ऑस्कुल जमिनीवर पडला होता. खटका दाबलेला, तोफ रिकामी.

पहिल्यांदा मी स्वतःलाच समजावलं की उडाला असेल कुठंतरी. गुडघ्यांवर बसले. गालिच्यावर तळहात फिरवला, वीत वीत करून. कपाटाखाली बॅटरीचा उजेड टाकला. खिडकीचा पडदा झटकला. हीटरच्या जाळीत बोट घातलं. शेल्फवरचे बाहुले एकेक करून खाली काढले आणि मागची धूळ पुसली. मग स्वयंपाकघरात, टेबलाखाली, कचऱ्याच्या डब्यात. मी पुसलेली लाळ ज्या कागदात होती तो कागद उघडून बघितला. चुरा होता, आक्रोड होता, लाल काही नव्हतं.

मला कळलं होतं. खरं तर खोलीच्या दारातच कळलं होतं. तरी मी शोधत राहिले, कारण शोधत होते तोवर फोन करावा लागत नव्हता. शॉनाला काय सांगू? खोली उघडली होती म्हणून सांगू? कशासाठी, तर एका न्हाव्याला खिजवायला? ती पुन्हा नातीला माझ्याकडे सोडणार नाही, ही भीती एका हातात, आणि दुसऱ्या हातात ती दुसरी भीती, जिचं नाव घ्यायचं धाडस होत नव्हतं. आणि लाज वाटते सांगायला, पण चाळीस मिनिटं पहिली भीतीच जड ठरली. घड्याळाकडे बघितलं तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. मग फोन हातात घेतला.

शॉनानं फोन उचलला नाही. गाडी चालवताना ती उचलत नाही. पुन्हा लावला. कर्टिसला लावला, तो गोदामात कामावर, फोन बंद. मी कोट न घालताच गाडीत बसले आणि परत शॉनाला लावला. या वेळी उचलला.

‘‘इर्मा? पेट्रोल भरायला थांबलेय. डिफायन्स मागं पडलं. काय झालं?’’

‘‘विनी काय करतेय?’’

‘‘झोपलीय. का?’’

‘‘तिचा श्वास ऐक.’’

‘‘काय?’’

‘‘शॉना, मागचं दार उघड आणि तिच्या तोंडाशी कान ने. आत्ता.’’

दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. पलीकडून ट्रक गेल्याचा आवाज. फोन स्पीकरवर टाकून मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, गाडी अजून अंगणातच होती.

‘‘शीळ वाजल्यासारखं होतंय,’’ शॉना म्हणाली. ‘‘सर्दीसारखं. तिला सर्दी नव्हती. इर्मा, काय झालं?’’

मी सांगितलं. बाण, खटका, खोली. एका दमात सांगितलं. ती रागावेल असं वाटत होतं. ती फक्त म्हणाली, ‘‘केवढा आहे?’’

‘‘बोटाच्या पेराएवढा. पेन्सिलीपेक्षा बारीक.’’

‘‘अर्ध्या तासात फोर्ट वेनच्या हॉस्पिटलात पोचते. मुलांचा विभाग आहे तिथं,’’ आणि फोन बंद झाला.

टोलेडोहून फोर्ट वेनचा रस्ता मी शेकडो वेळा केलाय. सपाट शेतं, कापलेला मका, मधे मॉमी नदी. त्या दिवशी मला प्रत्येक खड्डा दिसत होता. रस्त्यातला प्रत्येक सांधा चाकाखालून टक्‌कन जायचा आणि मला वाटायचं, शॉनाची गाडीही याच सांध्यावरून गेली असणार, आणि तो बाण तेवढाच सरकला असणार, कुठं तरी आणखी खाली, कुठं तरी आणखी घट्ट. नेपोलियन नावाच्या गावापाशी मला धाप लागली. मी गाडी कडेला घेतली, दार उघडून ओकले आणि परत निघाले. प्रार्थना करायचा प्रयत्न केला. आजीनं शिकवलेली हंगेरियन प्रार्थना, जी मला झोपेतही येते, तिची दुसरी ओळ आठवेना.

सव्वाचारला पोचले. इमर्जन्सीत पडद्यामागच्या पलंगावर विनी शॉनाच्या मांडीत बसली होती, हातात बर्फाचा लॉलीपॉप, पण चाटत नव्हती. कर्टिस शेजारी उभा होता, गोदामातला नारिंगी सदरा अंगात. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली.

एक तरुण डॉक्टर भिंतीवरच्या एक्स-रेकडे बोट दाखवत होता. ‘‘फुप्फुसं स्वच्छ दिसतायत. काहीच अडकलेलं दिसत नाही. मला वाटतं, खाण्याचा ठसका होता. घरी नेऊन लक्ष ठेवलं तरी…’’

‘‘प्लास्टिक आहे ते,’’ मी म्हटलं.

‘‘आपण कोण?’’

‘‘मी आजी. ते नुसतं प्लास्टिक आहे, त्यात धातू नाही. तुमच्या फोटोत ते दिसणारच नाही. घरी पाठवू नका. तिला घरी पाठवू नका!’’

माझा आवाज एवढा चढला की पलीकडच्या पडद्यामागचं बोलणं थांबलं. तरुण डॉक्टर काही बोलणार तेवढ्यात कर्टिस म्हणाला, ‘‘मॉमला यातलं कळतं. या एका गोष्टीतलं तिला फार कळतं.’’ ते कौतुक नव्हतं. पण त्यानं काम झालं.

त्यांनी वरून फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. डॉक्टर अडायेमी, उंच, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी विनीच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. बराच वेळ ऐकलं.

‘‘उजवीकडे हवा कमी जातेय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आजीबाईंचं बरोबर असावं. बेशुद्ध करून दुर्बीण घालून बघावं लागेल. किती वाजता झालं हे?’’

‘‘पाऊण वाजता,’’ मी म्हटलं.

‘‘आणि तुम्हाला कधी कळलं?’’

इथं मी खोटं बोलू शकले असते. कुणाला कळणार होतं? शॉना माझ्याकडे बघत होती.

‘‘एक चाळीसला कळलं. फोन दोन वीसला केला.’’

शॉनाचा विनीच्या पाठीवर फिरणारा हात थांबला.

‘‘चाळीस मिनिटं,’’ ती म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘मी गाडी चालवत होते आणि तुम्ही चाळीस मिनिटं…’’ तिनं विनीचं डोकं आपल्या छातीशी घट्ट धरलं. डॉक्टरीणबाईंनी दोघींच्या मधे येऊन विचारलं, ‘‘मला त्या वस्तूबद्दल सांगा. टोक कसं आहे? गुळगुळीत? पोकळ?’’

मी सांगितलं. पुढचं टोक गोल, मण्यासारखं गुळगुळीत. मग मान बारीक. मागं तीन चपटे पंख. पोकळ नाही.

‘‘पंख,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कुठल्या बाजूनं आत गेलंय त्यावर आहे सगळं. गोल टोक वर असेल तर चिमटा घसरणार. घसरून ते आणखी खाली गेलं, किंवा वर येताना श्वासनलिकेत सुटलं, तर…’’ त्यांनी शॉनाकडे बघितलं आणि वाक्य बदललं. ‘‘अशीच दुसरी वस्तू हातात असती तर बरं झालं असतं. आधी बाहेर चिमटे लावून बघितले असते, कुठला धरतो ते. तयारीला तासभर लागेलच. तेवढ्यात कुठं मिळण्यासारखी आहे?’’

मी बाहेरच्या मोकळ्या जागेत गेले आणि ड्वेनला फोन लावला. दोन वर्षांनी.

‘‘आला का फोन!’’ तो म्हणाला. ‘‘फोटो बघितला बरं का मी. छान आहे. खिजवून पोट भरलं नाही वाटतं, म्हणून आता कानात येऊन…’’

‘‘ड्वेन, माझ्या नातीनं बाण गिळलाय. श्वासाच्या नळीत अडकलाय. डॉक्टरांना तसाच दुसरा हवाय, चिमटा लावून बघायला.’’

पलीकडे केस कापायच्या यंत्राची घरघर चालू होती. ती बंद झाली.

‘‘कुठलं हॉस्पिटल?’’

मी सांगितलं.

‘‘मला तो उघडावा लागेल,’’ तो म्हणाला. विचारत नव्हता, स्वतःशीच बोलत होता. मग कुणाला तरी म्हणाला, ‘‘हॅरॉल्ड, अर्धं डोकं राहिलंय तुझं, टोपी घाल आणि सोमवारी ये.’’ फोन बंद.

तो पाऊण तास मी कसा काढला ते सांगता येणार नाही. विनीला हॉस्पिटलचा झगा घातला होता, त्यावर ससे होते. ती थकून गेली होती आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खाच आत ओढली जात होती. मघाशी तसं होत नव्हतं. शॉनानं ते बघितलं. मीही बघितलं. आम्ही दोघींनी एकमेकींना सांगितलं नाही. यंत्रावरचा एक आकडा हळूहळू खाली येत होता, सत्त्याण्णव, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव, आणि परिचारिका दर वेळी आत येऊन तो बघून काही न बोलता जायची. तिचं न बोलणं मला सगळ्यात भयंकर वाटलं. पडद्याजवळ उभी राहून मी त्या दुसऱ्या मुलाचा विचार करत होते, चाळीस वर्षांपूर्वीच्या. त्याचं नाव मला माहीत नव्हतं. त्याच्यामुळं त्या बाहुल्याचा भाव वाढला, एवढंच माहीत होतं. त्यालाही आजी असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

ड्वेन आला तेव्हा अंगात न्हाव्याचा डगला तसाच होता, खांद्यावर कुणाचे तरी पांढरे केस. हातात औषधाची रिकामी बाटली, तिच्यात लाल बाण.

‘‘गाडीतच उघडला,’’ तो म्हणाला. ‘‘खिशातल्या चाकूनं. सरळसुद्धा कापला नाही.’’

डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. बाटली उजेडात धरली, बाण तळहातावर घेतला आणि निघून गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या. ‘‘साधा चिमटा घसरला असता. दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा घसरला. जाळीचा वापरणार आहे आम्ही, तो बाणाच्या मानेच्या मागून धरतो.’’ आणि मग ड्वेनला, ‘‘आभारी आहे.’’

विनीला नेलं. चाकांच्या पलंगावर ती इतकी लहान दिसत होती की चादरीखाली कुणी आहे असंही वाटत नव्हतं. कर्टिस लिफ्टपर्यंत चालत गेला. दार बंद झालं तरी तिथंच उभा राहिला.

थांबायच्या खोलीत आम्ही चौघं. शॉना खिडकीपाशी, पाठमोरी. ड्वेन माझ्याशेजारी बसला. मग हळूच म्हणाला, ‘‘ती कड पुन्हा चिकटवलेली होती की नव्हती, ते आता कुणालाच कळायचं नाही.’’

‘‘ड्वेन, मी तेव्हा उगाच…’’

‘‘मीही बघितलं नाही. कापताना बघायला वेळ कुठं होता?’’ त्यानं खांद्यावरचे केस झटकले. ‘‘माझी बायको म्हणायची, तुम्ही सगळे म्हातारे वेडे आहात. चुकत नव्हती बिचारी.’’

मला हसू आलं नाही. पण माझा हात त्यानं धरला आणि मी तो सोडवून घेतला नाही.

बेचाळीस मिनिटांनी दार उघडलं. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी बसूनच ऐकलं.

‘‘निघाला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अख्खा निघाला. पंख खाली होते, गोल टोक वर. वर येताना एकदा निसटला, पण जाळीत होता. नळीला सूज आहे, औषध चालू केलंय. रात्रभर इथं ठेवू. पण श्वास दोन्हीकडे चांगला आहे.’’

कर्टिस भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्याच्याकडे जायला उठले. तो म्हणाला, ‘‘आत्ता नको, मॉम.’’ मी परत बसले.

त्या रात्री विनीजवळ फक्त आईबाप राहिले. मी ड्वेनच्या मागोमाग गाडी चालवत डिफायन्सपर्यंत गेले. त्यानं मला त्याच्या दुकानामागच्या घरात कॉफी आणि चीज सँडविच खायला घातलं आणि मग टोलेडोला जाऊ दिलं. त्याचा फाटलेला पुठ्ठा त्यानं गाडीतून आणून टेबलावर टाकला होता. तो त्यानं उचलून कचऱ्यात टाकला नाही, की नीट ठेवलाही नाही.

रविवारी विनी घरी गेली. हे मला कर्टिसनं फोनवर सांगितलं, तीन वाक्यांत. थँक्सगिव्हिंगला त्यांनी बोलावलं नाही. ख्रिसमसला एक कार्ड आलं, विनीनं रंगवलेलं, शॉनाच्या अक्षरात पत्ता. मी शॉनाला पत्र लिहिलं. त्यात कारणं दिली नाहीत, फक्त केलं ते लिहिलं, फोटोसकट आणि चाळीस मिनिटांसकट. उत्तर आलं नाही. मागच्या खोलीत मी फारशी जात नव्हते. एकदा गेले तेव्हा सगळ्यांची छोटी, सुटी होणारी हत्यारं गोळा केली, तलवारी, कुऱ्हाडी, चेटकिणीची काठी, आणि डबा भरून पोटमाळ्यावर टाकला. बाहुले तसेच आहेत. विकावेसे वाटले नाहीत, दाखवावेसेही वाटले नाहीत.

एप्रिलमध्ये एका शुक्रवारी शॉनाचा फोन आला.

‘‘रविवारी आम्ही येतोय,’’ ती म्हणाली. ‘‘विनी कोंबडीचं पॅप्रिकाश मागतेय. माझ्या हातचं तिला चालत नाही म्हणे.’’

‘‘करते,’’ मी म्हटलं.

‘‘इर्मा, मी अजून रागावलेली आहे.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘ठीक आहे. बारापर्यंत येतो.’’

विनी उंचीनं बोटभर वाढली होती. जेवली, अंगणात पळाली, शेजाऱ्यांच्या कुत्र्याशी भांडली आणि दोनच्या सुमाराला सोफ्यावर झोपली. कर्टिस बाहेर गवत कापत होता. मी भांडी ठेवून दिवाणखान्यात आले आणि नेहमीसारखी तिच्याजवळ वाकून थांबले. मला आता तशी खोडच लागली आहे. कुणाचंही लेकरू झोपलेलं दिसलं की श्वास ऐकल्याशिवाय माझ्यानं पुढं जाववत नाही.

वर बघितलं तर पलीकडे शॉना उभी होती. तीही ऐकत होती.

आम्ही दोघी तशाच थांबलो. बाहेर यंत्राची घरघर, आत विनीचा श्वास, एकसारखा. मग शॉना म्हणाली, ‘‘मी रात्री तीनतीनदा उठते.’’

‘‘बस,’’ मी म्हटलं आणि सोफ्याच्या कडेची चादर बाजूला केली. ती बसली.